लसावि बाईंवर पडलेला कौल

रत्नागिरीच्या बाजारात मी पिशवी घेऊन उभी असले की पाठीमागून हमखास हाक येते, "बाई!" मी वळते. समोर टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ हात जोडून उभा असतो. तो वाकून नमस्कार करतो, बायकोला सांगतो, "ह्या आमच्या गणिताच्या बाई," आणि मग ज्यासाठी मला थांबवलेलं असतं ते वाक्य बोलतो. "बाई, तुमचा तो अ अधिक ब कंसाचा वर्ग, आयुष्यात कुठं म्हणजे कुठं लागला नाय बघा!"

हे वाक्य मी मासळीबाजारात ऐकलं आहे, एसटी स्टँडवर ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत आग्रहाची जिलबी वाढून घेताना ऐकलं आहे. एका विद्यार्थ्याने तर माझी दाढ कोरता कोरता ऐकवलं. तोंडात यंत्र असल्यामुळे मला फक्त "आ" म्हणता आलं आणि त्याला वाटलं, बाईंना पटलं. इतिहासाच्या शिक्षकाला कोणी रस्त्यात गाठून विचारत नाही, की सर, लढाईची ती सहा कारणं पाठ करून घेतलीत, त्यातलं एक तरी कुठं उपयोगी पडलं का? हिंदीच्या बाईंना तर सगळे प्रेमाने नमस्कार करतात. झाडाझडती फक्त आमची. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून, खडूची पूड खाऊन, निवृत्तीनंतर आपला विषय निरुपयोगी होता हे भर बाजारात ऐकून घ्यायचं. तेही हसत हसत, कारण सांगणारा अगदी मनापासून सांगत असतो.

एकीनेच फक्त वेगळं सांगितलं. तिच्याकडे मला यायचं आहे. पण आधी आमचा धंदा नेमका काय असतो ते सांगते, कारण त्याविषयी लोकांचे फार गैरसमज आहेत.

लोकांना वाटतं, गणिताच्या शिक्षकाला गणित फार येत असेल. तसं काही नसतं. दहावीचं गणित थोड्या वर्षांत इतकं तोंडात बसतं, की मी ते झोपेत शिकवू शकले असते आणि मागच्या बाकावरच्या काहींनी ते तसंच ग्रहण केलं असतं. आमचं खरं काम म्हणजे मुलांच्या चुका वाचणं. बरोबर उत्तरावरून काहीच कळत नाही. मुलाला येत असेल, नाहीतर शेजारच्याला येत असेल. चुकीच्या उत्तरावरून मात्र सगळं कळतं. एक छेद दोन आणि एक छेद तीन यांची बेरीज दोन छेद पाच लिहिणारा मुलगा मूर्ख नसतो. वरच्यात वरचं आणि खालच्यात खालचं मिळवावं, उगाच कोणाला दुखवू नये, असा त्याचा भला स्वभाव असतो. तो कुठे घसरला हे कळलं की त्याला हात देता येतो. म्हणून मी वर्गात सारखं एकच म्हणत असे, रीत दाखवा. उत्तर चुकलं तरी चालेल, रीत दाखवा. रीतीला गुण असतात.

भूमितीत तर प्रत्येक पायरीसमोर कारण लिहावं लागतं. एकाने सगळ्या कारणांच्या जागी "दिसतंय" असं लिहिलं होतं. हे दोन कोन समान. कारण, दिसतंय. मी त्याला उभं केलं. तो म्हणाला, "बाई, डोळ्यांना दिसतंय. आणखी काय कारण पायजे?" मी त्याला खाली बसवलं आणि पुढची वही उघडली.

मुलांनी मला ठेवलेलं नाव लसावि. लघुतम साधारण विभाज्य. मी उंचीने कमी आहे, फळ्याच्या वरच्या भागापर्यंत माझा हात कधी पोचला नाही, म्हणून लघुतम. आमचे मुख्याध्यापक ताडमाड, त्यामुळे ते ओघानेच मसावि झाले. मी आणि ते व्हरांड्यातून सोबत निघालो की वर्गावर्गांतून खसखस पिकायची. मसावि सरांना वाटायचं, शाळेतलं वातावरण आनंदी आहे. त्यांचा समज मी कधी मोडला नाही.

माझी पहिली नोकरी पावस गावाजवळची. आंब्याच्या बागांमधली शाळा. तिथे मला कळलं, की शाब्दिक उदाहरण शहरातल्या मुलाला गणित वाटतं आणि गावातल्या मुलाला बातमी वाटते. मी फळ्यावर लिहिलं, एका बागायतदाराने चारशे आंबे पिकत घातले, त्यांतले शेकडा पाच नासले, तर चांगले किती राहिले? हात एकाचाही वर येईना. मग मागून प्रश्न आला, "बाई, अढी कोणी लावली होती?" अढी म्हणजे गवतात आंबे रचून पिकवायची रास. मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही. तर वर्ग खवळला. महत्त्वाचं कसं नाही? देठ खाली करून ठेवलेन असतील. मधला थर पलटलान नसेल. एकजण म्हणाला, तोडतानाच आंबा भुईवर पाडलान असेल, त्यात अढीवाल्याचा काय दोष? दोन तट पडले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तो काल्पनिक बागायतदार दोषी ठरला होता आणि वजाबाकी कोणीच केली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी आंब्यांच्या जागी खुर्च्या घातल्या.

नंतर माझी बदली देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावच्या हायस्कुलात झाली आणि नोकरीचा मोठा भाग तिथेच गेला. घराघरांतली कर्ती माणसं मुंबईला. गावात म्हातारे, बायका, मुलं आणि ग्रामदेव. गावातला कुठलाही निर्णय देवाला विचारल्याशिवाय होत नसे. विचारायची पद्धत म्हणजे कौल. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओली पाकळी चिकटवायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. रोग्याला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, विहीर कुठे पाडायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं असंच ठरायचं. आणि हे सगळं करणारे तात्या गुरव, त्यांची नात वैशाली माझ्या दहावीच्या वर्गात होती.

वैशाली मराठीत चांगली, विज्ञानात बरी, हस्ताक्षर असं की मी ते इतरांना दाखवायची. गणिताचा पेपर मात्र कोरा. चुकलेला नव्हे, कोरा. वर नाव, बैठक क्रमांक, प्रश्न क्रमांक एक, त्याच्यासमोर दोन टिंबं, आणि पुढे पांढरं पान. मी रागावले, समजावलं, बाजूला बसवून विचारलं. ती मान खाली घालून उभी. चुका वाचणं हा ज्याचा धंदा, त्याच्या हातात कोरा कागद दिला तर त्याने वाचायचं काय? मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. इतक्या वर्षांत असं कोडं माझ्यापुढे आलं नव्हतं.

तिला मात्र गणितात पास होणं भाग होतं. तिला नर्सिंगला जायचं होतं. तिचे वडील सुरेश मुंबईत एका इमारतीच्या दारावर पहारेकरी. मुंबईच्या आत्याला जुळी मुलं झाली होती आणि मुलं सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. सुरेशचं म्हणणं सरळ होतं. पोर नापास होणारच आहे, तर नापासाचा शिक्का बसायच्या आधीच तिला नेलेली काय वाईट? तो दुष्ट नव्हता. तो स्वतः गणितात नापास झालेला होता आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या दारात उभा होता.

ह्याच सुमारास दिवाळीच्या सुट्टीनंतर माझं संभाव्यतेचं प्रकरण सुरू झालं. पुस्तकात नाणी आणि फासे होते. मला उगाचच वाटलं, आपण स्थानिक उदाहरण घ्यावं. आवारातल्या जास्वंदीची फुलं मागवली आणि मुलांना शाळेच्या स्टीलच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं. टाकीच्या उजव्या-डाव्या बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या, कुठली आधी पडते ते बघायचं, फळ्यावर खुणा करायच्या. वर्ग अभूतपूर्व उत्साहात होता. मंगेश नावाच्या आमच्या वात्रट शिरोमणीने टाकीला गाऱ्हाणंच घातलं. "बा टाकी म्हाराजा, आज ह्या लसा..." माझ्याकडे बघून तो अडखळला. "ह्या बाईंनी तुझ्यापुढं जो काय प्रश्न मांडलाय, त्याचा निवाडा कर, आणि सहामाहीत नापास झालेल्यांवर किरपा कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळी शाळा दणाणली. मसावि सर ऑफिसातून धावत आले.

उजव्या आणि डाव्या खुणा शेवटी जवळजवळ सारख्या झाल्या. मी विजयाने सांगितलं, "बघा. संभाव्यता निम्मी-निम्मी."

"बाई, टाकीत देव नाय ना," मंगेश म्हणाला. "म्हणून निम्मा-निम्मा येतंय."

मी तिकडे दुर्लक्ष करून मुख्य मुद्दा ठासून सांगितला. निम्मी-निम्मी केव्हा? दोन्ही पाकळ्या सर्व दृष्टींनी सारख्या असतील तेव्हाच. आकार सारखा, जाडी सारखी, ओल सारखी. ह्याला समसंभाव्य म्हणायचं. सारख्या नसतील तर हे गणित लागू नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. वैशाली टाकीपाशी उभी राहून पाकळ्या बोटांत चाचपत होती. तिचं लक्ष नाही, असं मला वाटलं.

मसावि सरांनी मला ऑफिसात बोलावलं. "देवाधर्माचं कशाला आणलंत वर्गात? गावकरी शाळेवर येतील." आणि दुसऱ्याच दिवशी काठी टेकत तात्या गुरव फाटकातून आत आले. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने जेमतेम. सर चटकन वर्गावर निघून गेले, ते त्या दिवशी वेळापत्रकात नसलेला तास घ्यायला. मी एकटीच सापडले.

"बाई, टाकीवर कौल लावलाव म्हणे?"

"हो, तात्या. ते आपलं शिकवण्यासाठी..."

"पडला?"

"पडला."

"मंग झाला," तात्या म्हणाले, आणि बसून चहा प्यायले. जाताना वळून एवढंच म्हणाले, "पोरीवर रागावताव म्हणे तुमी. रागावू नका. आमच्या घरात कौल पडेस्तवर कोन बोलत नाय. तशी सवय हाय."

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

देवदिवाळीला मुंबईकर गावी आले. शाळा सुटल्यावर वैशाली व्हरांड्यात माझ्या वाटेत उभी राहिली. ती आपणहून कधी बोलत नसे, म्हणून मी थांबले.

"बाई, बाबा आलेत. उद्या कौल हाय."

"कशाचा गं?"

"माझा," ती म्हणाली, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेले. सुरेशला चार गोष्टी सांगून कौलापासून परावृत्त करायचं ठरवून गेले होते, पण तिथे निम्मं गाव जमलेलं, मसावि सरही आलेले. माझा दहावीचा वर्ग तर झाडून हजर. मी वर्ग घ्यायची तेव्हा एवढी उपस्थिती कधी नसायची. गाभाऱ्यात तात्या. उंबऱ्याबाहेर पाण्याची वाटी आणि फुलांचं तबक घेऊन वैशाली, कारण तात्यांना नीट दिसत नसल्याने पाकळी निवडून, भिजवून हातात द्यायचं काम तिचं. स्वतःच्याच नशिबाच्या पाकळ्या ती भिजवत होती. 

तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज हा तुझा लेकरू सुरेश मुंबयसून तुझ्या पायाशी आलाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या पोरीला हितं शाळेत ठेवायची असेल तर उजवा दे, मुंबयला धाडायची असेल तर डावा दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देव गप्प. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. लोक कुजबुजायला लागले, एकीचं तान्हं रडून झोपी गेलं, तरी पाकळ्या हलेनात. निम्मी-निम्मी म्हणणारी मी खांबाला टेकून उभी होते. कुठलीच पाकळी पडणार नाही ही शक्यता मी फळ्यावर मांडलीच नव्हती. वर्गातल्या दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा.

"प्रश्न मोठा झाला," तात्या शेवटी म्हणाले. "देवाला गिळवत नाय. फोडून घालू या." त्यांनी पाकळ्या काढल्या. नव्या मागितल्या. "पोरीच्या डोक्यात काय कमी असेल तर उजवा, नसेल तर डावा दे म्हाराजा!" थोड्या वेळाने डावी पडली. गर्दीतून सुस्कारा निघाला. "कोनाची नजर, बाधा असेल तर उजवा दे." डावी. "पोरीचा आळस असेल तर?" डावी.

सुरेश वैतागला. "तात्या, मंग पेपर कोरा कशाला? सरळ इचारा ना परत, ठेवायची का न्यायची!"

तात्यांनी हात मागे केला. वैशालीने पाकळ्या दिल्या. ते जरा थांबले, मान कलती करून, अंगठ्याने पाकळी चाचपत. मला वाटलं, देवाचं स्मरण करताहेत.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "शिकवनारीचं काय चुकत असेल, तर उजवा दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज माझ्या वर्गाचा होता. इतक्या एकमुखाने त्यांनी पाढेही कधी म्हटले नव्हते.

आणि उजवी पाकळी तत्काळ पडली. टपकन. दुसरं काही विचारायची सोय न ठेवता.

सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. मंगेशने तोंडावर रुमाल धरला होता, त्याचे खांदे हलत होते. बरोबर उभ्या असलेल्या मसावि सरांनी माझ्यापासून हळूच दोन पावलं अंतर घेतलं. मी पदवीधर, प्रशिक्षित, शिकवण्याचा इतका अनुभव असलेली बाई, आणि माझ्याविरुद्ध भर सभेत एका पाकळीची साक्ष झाली होती. अपील करायला वरचं कोर्ट नव्हतं.

"पोरीचा दोष नाय," तात्यांनी निकाल सांगितला. "तवा पोर जायची नाय, सुरेश. आता बाईंनी निवारण करायचा. रोज शाळा सुटली की ह्या पडवीत बसून पोरीला शिकवायची. शिमग्यापर्यंत."

सुरेश देवापुढे काय बोलणार? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बगा वो बाई, आता तुमच्यावर हाय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला माझी कीव आली होती.

तेव्हापासून शाळा सुटली की मी देवळाच्या पडवीत. दोन दिवसांत मंगेश आला, मग आणखी काही जण आले. कारण विचारलं तर म्हणाले, "बाई तुमचा निवारण बघायला आलो." मी त्यांनाही उदाहरणं घातली. आत तात्यांचे कौल चाललेले असायचे आणि मी नाइलाजाने ते ऐकायची. ऐकता ऐकता एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोणी म्हैस हरवली म्हणून आला, तर तात्या "म्हैस कुठे आहे" असं कधीच विचारायचे नाहीत. समजा वरच्या वाडीत असेल तर उजवा दे. डावा पडला? बरं, समजा ओढ्यापलीकडे असेल तर. पुन्हा डावा? बरं. डावा कौल पडला म्हणून ते लाजायचे नाहीत, की गाभारा सोडून जायचे नाहीत. तो प्रश्न टाकून दुसरा घालायचे.

मी वैशालीला विचारलं, "तू उत्तर का लिहीत नाहीस गं?"

"खरा असेल तवाच लिहायचा ना, बाई," ती म्हणाली. "चुकीचा लिवला तर?"

"तर डावा पडला," मी म्हटलं. "तात्या काय करतात डावा पडला की?"

ती आत बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दुसरा इचारतात."

"मग? समजा वय क्ष. लाव कौल. डावा आला तर काट मार आणि दुसरा लाव. पाकळीच लावली नाहीस तर कौल तरी कुठून पडायचा?"

त्या दिवशी तिने बाप-लेकाच्या वयाचं उदाहरण पूर्ण सोडवलं. पानभर, नीटस अक्षरात. शेवटी उत्तर आलं, वडिलांचं आजचं वय उणे सात. मी ते वाचलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू! चूक! अस्सल, वाचता येण्याजोगी चूक! चौथ्या ओळीत चिन्ह बदलायचं राहिलं होतं, बोट ठेवून दाखवता येत होतं. मी तबकातला प्रसादाचा नारळ घेतला, पायरीवर फोडला आणि सगळ्यांना वाटला. मंगेश म्हणाला, "बाई, उणे सातला खोबरा, तर मंग बरोबर आला की काय देनार?" वैशाली हसली. ती हसताना मी पहिल्यांदाच पाहिली. मग तिने काट मारली आणि खाली पुन्हा "समजा" लिहिलं.

त्यानंतर ती धबाधबा चुकायला लागली. कुठे त्रिकोणाला चौथा कोन निघाला, कुठे आगगाडी निघायच्या आधीच पोचली. चुका कमी होत गेल्या. शिमग्याला गावात पालखी नाचत होती, ढोल वाजत होते, आणि ही पोरं देवरूखच्या केंद्रावर जाऊन बोर्डाचा पेपर लिहीत होती. निकाल मोबाईलवर लागला. वैशालीला गणितात जेमतेम काठापेक्षा थोडे वर गुण होते. आनंदाने गाव डोक्यावर घ्यावं असे नव्हते, पण नर्सिंगच्या वाटेला लागायला पुरे होते. सुरेशचा मला मुंबईहून फोन आला. मागे गाड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "बाई, देवानं तुमच्यावर घातलान ता बरा झाला."

मला मात्र कधी कधी वाईट वाटतं, ते दुसऱ्यांचं. माझ्या हाताखालून किती कोरे पेपर गेले! त्या मुलांसाठी कोणी माझ्यावर कौल लावला नाही. ती गणिताला घाबरत शाळेतून गेली आणि बहुधा अजून घाबरतात. बाजारात जी भेटतात, "कुठं लागला नाय" म्हणून हसतात, ती निदान हसतात तरी. जी मला पाहून पलीकडच्या गल्लीत वळतात त्यांचं काय, हा विचार मनातून जात नाही.

परवा माझं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं, इथेच रत्नागिरीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला सिस्टर आल्या. पांढरा गणवेश, तोंडाला मास्क. मला अर्धवट दिसत होतं. "बाई, हलू नका," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजातल्या हेलाने मी हललेच.

"वैशाली?"

"हलू नका म्हटलं ना, लसावि बाई."

माझ्या तोंडावर हे नाव उच्चारायची हिंमत आजवर कोणाला झाली नव्हती. पण डोळ्यावर पट्टी आणि मान उशीत, ह्या अवस्थेत मी काय करणार? ती पट्टी सोडवत बोलत राहिली. सुरेश आता गावीच असतो. तात्या मागेच गेले, शेवटपर्यंत कौल लावत होते. मग म्हणाली, "बाई, सगळे तुम्हाला सांगतात ना, तुमचं गणित कुठंच लागलं नाही? मला लागलं."

"औषधाच्या मात्रा मोजायला?"

"ते मशीन करतं. मला देवळात लागलं." तिने पट्टीचा शेवटचा पदर सोडवला. "तो उजवा कौल माझा होता, बाई."

 मग जन्मभराची सवय तोंडून निघाली. "रीत दाखव."

"तुम्हीच टाकीपाशी सांगितलंत, पाकळ्या सारख्या असतील तरच निम्मं-निम्मं. मग मी सारख्या ठेवल्याच नाहीत. आधीचे सगळे कौल देवाचे, त्यांना मी हात लावला नाही. पण बाबा म्हणाले, सरळ विचारा, ठेवायची का न्यायची. तेव्हा उजवीसाठी देठाकडची जड पाकळी दिली, नुसती ओली लावून. आणि डावीसाठी पातळ, चांगली भिजवून. टाकीवर बघून ठेवलं होतं, कुठली आधी सुटते ते."

"पण तात्यांनी तर माझं नाव..."

"मी 'ठेवायची' साठी दिली होती हो! तात्यांनी पाकळी चाचपली आणि त्यांना कळलं. मग त्यांनी प्रश्नच बदलला." ती हसत होती, मास्कच्या वर डोळे दिसत होते. "नंतर मी विचारलं त्यांना, बाईंचं नाव कशाला घातलंत? तर म्हणाले, पोर ठेव म्हनून कौल दिला असता तर तुझा बाप शिमग्याला येऊन परत इचारनार. बाईंवर टाकला की बाई सोडायच्या नाय."

मी उशीवर तशीच पडून राहिले. पडवी, नारळ, उणे सात, सगळं पुन्हा डोळ्यांपुढून गेलं. त्या अर्ध्या आंधळ्या म्हाताऱ्याने मला किती बरोबर ओळखलं होतं!

"किती गुण, बाई?" तिने विचारलं.

"रीत पूर्ण आहे," मी म्हटलं. "पैकीच्या पैकी."

"मग आता डोळा उघडा ठेवा. थेंब घालायचाय."

"अजून घातला नाहीस? मग गालावर ओलं कसं?"

"नाही," ती म्हणाली, आणि आधी कापसाने माझा डोळा पुसला.